वाचकांचे प्रश्न : फिनलंडची प्रश्नावली आणि जांभळी नाका

प्रश्न : ताई, मी ऐरोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, राहायला कळव्याला. फिनलंडमधल्या एका युनिव्हर्सिटीतून मेल आलाय, त्यांना एका पेमेंट ॲपची युजेबिलिटी टेस्ट, म्हणजे ते वापरायला किती सोपं आहे याची चाचणी, इकडच्या भाजीवाल्यांवर करायचीय. प्रश्नावली, टास्क सगळं तिकडून तयार येणार, आम्ही फक्त माणसं शोधायची, फॉर्म भरून घ्यायचे, व्हिडिओ काढून पाठवायचे. एचओडी एकदम खूश, नॅकला, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेला, इंटरनॅशनल कोलॅबरेशन म्हणून दाखवता येईल म्हणतायत. मला मात्र काहीतरी खटकतंय. हो म्हणू का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : खटकतंय ते बरोबरच खटकतंय. हो म्हणा, पण आत्ता आलंय तसं नाही. त्या मेलमध्ये कोलॅबरेशन कुठे आहे सांगा बरं, प्रश्न त्यांचे, उत्तरं त्यांची, पेपर त्यांचा आणि उन्हात उभं राहायचं तुम्ही.

आणि नुसता मानापमानाचा मुद्दा नाहीये हा, असं केलं की रिसर्चच गंडतो. 2012 साली सीएचआय या माणूस आणि कॉम्प्युटर यांच्या नात्यावरच्या आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्सला बंगळुरूमधल्या एका अभ्यासाचा पेपर आला होता. मुलाखत घेणाऱ्याने स्वतः बनवलेली वस्तू कुठली ते लोकांना कळलं की ते तीच जास्त चांगली म्हणायचे, सुमारे अडीच पट, आणि गंमत म्हणजे दोन्ही वस्तू अगदी सारख्याच होत्या. मुलाखत घेणारा परदेशी असला आणि सोबत दुभाष्या असला की हेच पाच पट. मुद्दाम बिघडवलेली वस्तू दिली तरी लोक पाहुण्याचीच चांगली म्हणत होते! आपल्याकडे कोण तोंडावर वाईट बोलणार हो?

आता ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर, काय होईल बघा. संध्याकाळची गर्दी, मावशींच्या एका हातात तराजू, तुम्ही फोन पुढे करून म्हणणार, मनात येतंय ते मोठ्याने बोला. मावशी म्हणणार, छान आहे बाई. अहो पण त्या ॲप उघडतातच कुठे? त्यांचं सगळं लक्ष त्या साउंडबॉक्सकडे, 'चाळीस रुपये प्राप्त हुए' ऐकू आलं की पिशवी हातात, गोंगाटात नाही ऐकू आलं तर गिऱ्हाइकाचाच स्क्रीन बघायचा, आणि खातं बऱ्याचदा मुलाच्या नावावर, म्हणजे पैसे आले का हे घरी फोन करून विचारायचं. त्यांच्या दृष्टीने युजर इंटरफेस म्हणजे तो डबा आणि तो मुलगा. तिकडून आलेल्या टास्कमध्ये एक माणूस, एक फोन, शांत खोली असं धरलेलं असणार, त्यात हे कुठे बसणार?

प्रश्नावलीचंही तेच. ती बहुतेक एसयूएस म्हणजे सिस्टिम युजेबिलिटी स्केल असेल, 1986 मध्ये जॉन ब्रुक यांनी केलेली दहा वाक्यांची, शंभरपैकी स्कोअर. चांगलीच आहे, पण त्यात एक वाक्य बाजूने, पुढचं विरुद्ध असं आलटून पालटून येतं. घाईत असलेला माणूस सगळीकडे 'हो हो' करतो, मग तुमचा स्कोअर येतो बरोबर मधोमध आणि तिकडे त्याच्यावर सुंदर ग्राफ निघतो.

म्हणून उत्तरात लिहा की टास्क आम्ही मिळून ठरवू, आधी पाच-सहा जणांवर पायलट म्हणजे छोटी चाचणी करू, आणि ॲप तुमचं आहे हे बोलायचंच नाही, दोन ॲप ठेवू, कुठलं कोणाचं ते लोकांना कळता कामा नये. लेखक म्हणून नावांचं आत्ताच बोला, पेपर लिहिताना नाही. एसीएम ही कॉम्प्युटरवाल्यांची आंतरराष्ट्रीय संस्था, सीएचआय तिचीच, तिच्या नियमात लेखक व्हायला कामात भरीव बौद्धिक वाटा लागतो, म्हणजे नुसते फॉर्म भरून घेतलेत तर आभाराच्या ओळीत जाल आणि तक्रारही करता येणार नाही. व्हिडिओत चेहरे आणि आवाज येणार, तेव्हा एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरचा अभ्यास तपासणाऱ्या समितीची, परवानगी फक्त तिकडची चालणार नाही, संमती मराठीत आणि तोंडी समजावून घ्या, आणि मूळ व्हिडिओ इथेच ठेवून चेहरे झाकलेली कॉपी पाठवता येईल का ते विचारा.

घाबरू नका हो, गरज त्यांनाही आहे. 2016 ते 2020 च्या सीएचआय पेपर्सची कोणीतरी मोजदाद केली होती, 73 टक्के निष्कर्ष पाश्चात्त्य लोकांवरून काढलेले, आणि ते लोक जगाच्या लोकसंख्येच्या 12 टक्क्यांपेक्षाही कमी! तेव्हा ठाण्याच्या बाजारातला नीट केलेला अभ्यास त्यांना हवाच आहे. आणि आपल्याकडे हे काम नवीनही नाही, पवईला आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात मराठीसाठी स्वरचक्र हा फोनवरचा कीबोर्ड झाला, 2017 मध्ये इंटरॅक्ट ही आयफिप या आंतरराष्ट्रीय संघटनेची याच विषयावरची कॉन्फरन्स तिथेच भरली होती.

वेळेचं म्हणाल तर हेलसिंकी हिवाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच, त्यामुळे दुपारी मीटिंग ठेवा, रात्री जागायची काही गरज नाही. सीएचआयची डेडलाइन अलीकडे सप्टेंबरात असते, म्हणजे नेमकी गणपतीच्या आसपास, तेव्हा बाजारातलं काम जूनच्या आधी उरका, गणपतीत तुमच्याशी कोण बोलणार?

एचओडींना नॅकसाठी कागद हवाय ना, तर दोन्ही बाजूंची कामं लिहिलेला करार करा, तोच दाखवू दे.

प्रश्न : मुलगी खारघरला डिझाइन शिकतेय, तिला परदेशातल्या एचसीआय (माणूस-कॉम्प्युटर संवाद) कॉन्फरन्सला जायचंय, खर्च झेपणार नाही. काही सोय असते का?
– एक बाबा, खारघर

उत्तर : असते. सिगचाय म्हणजे एसीएमचा एचसीआय गट, त्यांची गॅरी मार्सडेन ट्रॅव्हल ॲवॉर्ड्स आहेत, केपटाउनच्या एका प्राध्यापकांच्या नावाने, प्रवासासाठी मदत मिळते, तिला मेंबर व्हावं लागेल. दुसरं म्हणजे स्टुडंट व्हॉलंटिअर, ठरावीक तास काम करायचं, रजिस्ट्रेशन फी माफ, पण तिकीट आपलंच. मी म्हणेन पहिल्या वर्षी इंडिया एचसीआय या आपल्याच देशातल्या कॉन्फरन्सला पाठवा, पोस्टर लावू दे, चार लोकांना भेटू दे, पासपोर्ट मात्र आत्ताच काढून ठेवा.