पालिया हा ऑनलाइन गेम सुरू करतोस? मग घाई नको करू

पहिल्या तासात तुला वाटेल, यात करायचं काय? कारण इथं जिंकायचंच काही नाही बाप्पा. शेती, मासे धरणं, स्वयंपाक, घर सजवणं. गेममधला एक दिवस आपल्या एका तासात सरतो, त्यामुळे धावपळ करून फायदा नाही.

फ्लो ट्री, म्हणजे गेममधलं एक खास झाड, दिसलं की चॅटमध्ये बाकी खेळणाऱ्यांना हाक मार अन् थांब. ते झाड दोघा-तिघांनी मिळून तोडायचं, आपल्याकडच्या इर्जिकीसारखं. कुऱ्हाड लावणाऱ्या प्रत्येकाला लाकूड मिळते, वाटणी होत नाही. हाक ऐकूनही कोणाची वाट न पाहणारे भेटतीलच, त्यांच्याशी भांडत बसू नको.

गेम फुकट आहे, पण नेटशिवाय चालतच नाही. गावात लाइट गेली की राउटर बंद, म्हणून मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेव. डाउनलोड मात्र त्यावर नको, दिवसाचा डेटा त्यातच संपेल. तालुक्याला कोणाकडे वायफाय असेल तिथं कर.

अन् पुढं स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, अर्ली ॲक्सेसमधला (पूर्ण तयार व्हायच्या आधीच विकायला आलेला) दुसरा गेम विकत घेशील, तर पैसे परत मागायला 2 तासांपेक्षा कमी खेळ, एवढीच मुभा असते; 14 दिवसांची मुदत गेम पूर्ण रिलीज झाल्यावरच सुरू होते. असल्या निवांत गेममध्ये ते 2 तास तर कॅरेक्टरचे केस निवडण्यातच जातात.