गडचिरोलीत पीएचडीला आलायस ना, मग हे आधी ऐक
गोंडवाना विद्यापीठ 2011 चं, तसं लहानच, त्यामुळे इथली खरी लॅब बाहेर जंगलात आहे बघ. प्रश्नावली छापायच्या आधी धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखाला जाऊन ये, 2009 ला या गावाला सामूहिक वनहक्क (म्हणजे गावच्या जंगलाचा वापर आणि राखण गावानेच मिळून करायचा कायदेशीर हक्क) मिळाला आणि 2011 पासून बांबूच्या वाहतुकीचा पास ग्रामसभाच देते, बांबू किती तोडायचा किती राखायचा हे तिथं सर्वसहमतीने ठरतं, मतदान नाही, म्हणून बैठक लांबली तरी मध्येच उठू नकोस, सगळा डेटा त्या चर्चेतच असतो. मार्च-एप्रिलात मोहफुलं आणि मे मध्ये तेंदूपत्ता, तेव्हा मुलाखती मागू नकोस रे, टोपली घे न् सोबत वेचायला जा. थोडी गोंडी शीक. आणि प्रबंधातलं मराठीत लिहून ग्रामसभेत वाचून दाखव, एवढं नक्की कर.