काक्षीची प्रत डोळ्यांनी ठरवताना

सुरुवातीला काक्षीच घ्या. हा मृगातला तांबडा रूपविकारी (तेज कमीजास्त होणारा) तारा एरवी 0.5 प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप) आसपास असतो, पण फेब्रुवारी 2020 मध्ये तो 1.6 पर्यंत मंदावला होता. तुलनेला प्रश्वा (प्रत 0.4) आणि रोहिणी (0.9) हे तारे घ्या. दोघींच्या तेजातल्या फरकाचे मनात पाच भाग करा. काक्षी प्रश्वापेक्षा दोन भाग मंद वाटली, तर नोंद 0.6. प्रत जितकी मोठी तितका तारा मंद, हे उलटं गणित अंगवळणी पडायला वेळ लागतोच.

खरी फसगत लाल रंगामुळे होते. तांबड्या ताऱ्याकडे टक लावली की तो हळूहळू जास्त तेजस्वी भासू लागतो. म्हणून एकेकावर ओझरती नजर टाका, सेकंदभर पुरे, आणि पुन्हा पुन्हा आळीपाळीनं पाहा. नारिंगी रोहिणीशी जुळवणं सोपं जातं, पांढरट प्रश्वाशी अवघड.

तिन्ही तारे साधारण सारख्या उंचीवर आल्याशिवाय अंदाज घेऊ नका. क्षितिजापासून 10 अंशांवर हवाच जवळपास एक प्रत खाते. अंदाज आधी लिहा. कालची नोंद नंतर उघडा.