काजऱ्याचं विष आणि 'आकडी'

कथा लिहिणाऱ्या एका वाचकाची विचारणा अशी: "'कुचल्याचं विष पोटात गेलं, त्याला आकडी आली आणि तो बेशुद्ध पडला.' पात्र कोकणातलं आहे. इथे आकडी लिहावं, फिट की धनुर्वात? आणि कुचला चालेल का?"

कुचल्याचं आधी उरकतो. वैद्याच्या किंवा काष्ठौषधीच्या दुकानात कुचलाच म्हणतात, आयुर्वेदाच्या पोथ्यांत कुपीलु किंवा विषतिंदुक. कोकणातला माणूस मात्र या झाडाला काजरा म्हणेल. (हिंदीतल्या कजऱ्याशी, म्हणजे काजळाशी, याचा संबंध जोडू नका.) पिकलं फळ लहानशा संत्र्यासारखं दिसतं. धनेश पक्षी ते खुशाल खातो. आत बुळबुळीत गर आणि त्यात चपट्या, गोल, करड्या बिया, जुन्या कोटाच्या बटणांसारख्या, वर रेशमी लव. बी शिंगासारखी टणक असते, त्यामुळे अख्खी गिळली गेली तर बहुधा तशीच बाहेर पडते. कुटली-उगाळली की मात्र आतलं विष, म्हणजे स्ट्रिक्निन, मोकळं होतं. तेव्हा 'कुचल्याचं विष पोटात गेलं' एवढ्यावर भागणार नाही, बी कोणी कुटली हे कथेत यायला हवं. शिवाय ती जहर कडू असते.

आता आकडी. खरी गफलत इथे आहे. आकडी किंवा फिट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शुद्ध हरपलेला माणूस येतो. काजऱ्याच्या विषात नेमकं उलटं होतं: अंग झटके देत असतं आणि माणूस बहुतेक वेळ पूर्ण शुद्धीवर असतो. मज्जारज्जूत स्नायूंना 'आता पुरे' असं सांगणारं ग्लायसिन नावाचं रसायन असतं. स्ट्रिक्निन त्याचीच वाट अडवतं. मग बारीकशा निमित्तानेही सगळे स्नायू एकदम ताठतात. दार आपटलं, दिवा लावला, कुणी हात धरला, की पुढचा झटका. विष पोटात गेल्यावर साधारण पंधरा-वीस मिनिटांत अस्वस्थपणा, मान नि पाय ताठरणं सुरू होतं. मग टाचा आणि डोकं तेवढं टेकलेलं, मधलं अंग वर उचललेलं. याला मराठीत सुरेख शब्द आहे: अंगाची कमान होणं. आयुर्वेदात बाह्यायाम. चेहऱ्याचे स्नायूही ओढले जातात. तिथे 'विकट हसला' लिहू नका, तो हसत नसतो. 'दात विचकले गेले' हे अचूक.

धनुर्वात का नको? शब्दातलं धनुष्य या कमानीचंच आहे, पण आज तो एका विशिष्ट रोगाचं नाव झालाय. त्या रोगात आधी दातखीळ बसते, दुखणं दिवसादिवसांनी वाढतं आणि दोन झटक्यांच्या मध्येही अंग ताठच राहतं. काजऱ्यात जबडा उशिरा धरला जातो आणि झटका ओसरला की अंग सैल पडतं. माणूस घामाघूम होऊन पुढच्या झटक्याची वाट बघत राहतो. छातीचे स्नायू जखडले की श्वास अडतो; मरण बहुधा त्यानेच येतं, कधी दोन-तीन तासांतच. 'आचके' हा शब्द त्या शेवटासाठी राखून ठेवा, आधीच खर्च करू नका.

शब्दाचा एवढा काथ्याकूट करण्याला कारण आहे. 'आकडी आली' असं कुणी ओरडलं की आपल्याकडे लगेच कांदा, नाहीतर चप्पल नाकाशी येते, चौघे हातपाय दाबून धरतात. इथे प्रत्येक स्पर्श म्हणजे नवा झटका. यावर उतारा नाही. दवाखान्यात शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवून स्नायू सैल करणारी औषधं आणि गरज पडली तर कृत्रिम श्वास, हाच उपचार. चोवीस तास निभावले तर बहुतेकदा माणूस वाचतो. तुमच्या कथेतली घरची माणसं आकडी समजून चुकतात, असं दाखवलंत तर तो शब्दही राहील आणि प्रसंगही उभा राहील.

नाहीतर मी असं लिहीन: "काजरा अंगात भिनला. कुणीतरी दार लोटलं आणि त्या आवाजासरशी त्याच्या अंगाची कमान झाली. दात विचकलेले, डोळे मात्र सगळ्यांना ओळखत होते."