क्रोटनची पानं का गळतात?

प्रश्न : ताई, डिसेंबरमध्ये नर्सरीतून लाल-पिवळ्या पानांचं क्रोटन आणलं आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलं. तीन आठवड्यांत खालची चौदा पानं गळली. नवी पानं येतात ती हिरवीच. रोज पाणी घालते, दर चार दिवसांनी जागा बदलून पाहते. झाड मेलं का? टाकून देऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टाकू नका. आधी खोड नखाने अगदी हलकं खरवडून बघा. सालीखाली हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. नखाला पांढरा चीक लागेल, हात लगेच साबणाने धुवा. क्रोटन एरंडाच्या कुळातलं. त्याच्या चिकाने काहींच्या त्वचेची आग होते आणि कपड्यांवर डाग पडतात. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी त्यांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशी ठेवा.

माझं माहेर चिपळूणचं. तिथे क्रोटन कुंपणाला लावलेलं असायचं, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. त्यामुळे लग्नानंतर पुण्यात पहिली कुंडी आणली तेव्हा मीही हे चिवट झाड समजले. गॅलरीतून हॉलमध्ये, पाहुणे आले की दाराशी, मग परत गॅलरीत. प्रत्येक वेळी ओंजळभर पानं खाली. शेवटी स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवलं आणि दोन महिने हलवलंच नाही, तेव्हा गळ थांबली.

तुमच्याकडे तेच झालंय. नर्सरीत ते जाळीखाली, भरपूर उजेडात, इतर रोपांच्या दमट गर्दीत वाढलं. तिथून एकदम हॉलच्या कोपऱ्यात आलं, तेही थंडीत. हे इंडोनेशिया, मलेशियाच्या बाजूचं उष्ण, ओल्या हवेतलं झाड. पारा 13-14 अंशांखाली गेला की त्याला सोसत नाही, आणि नाशिकला पहाटे तो 10 च्याही खाली जातो. त्यात तुम्ही रोज पाणी घातलंत, म्हणजे गार मातीत मुळं सतत भिजलेली.

आता दक्षिणेची किंवा पूर्वेची खिडकी निवडा. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीत ऊन चांगलं आत येतं. कुंडी तिथे ठेवा आणि मग हलवू नका. रात्री ती खिडकी बंद ठेवा. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर थांबा. सध्या पाच-सहा दिवसांनी एकदा पाणी पुरेल. खत आत्ता अजिबात नको, मुळं दमलेली आहेत. कुंडी बदलायची तर फेब्रुवारी संपल्यावर. नर्सरीची लाल माती चिकट असेल तर तेव्हा तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत मिसळा.

हिरव्या पानांनी इतकं घाबरू नका. क्रोटनच्या बऱ्याच जातींत कोवळं पान हिरवं-पिवळंच निघतं, मोठं होताना त्यावर लाली चढते. पण महिना-दीड महिन्यानंतरही ते हिरवंच राहिलं, तर उजेड कमी पडतोय असं समजा. कमी उजेडात झाड हरितद्रव्य वाढवतं आणि रंग झाकले जातात.

दर आठवड्याला ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा. कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड येते. बारीक ठिपके आणि जाळं दिसलं तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून, संध्याकाळी फवारा.

गळलेल्या पानांच्या जागी खोड उघडंच राहील, तिथे सहसा पानं येत नाहीत. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्या उघड्या भागाच्या वरच्या टोकाला गुटी बांधा, म्हणजे तिथली साल गोल काढून ओलं शेवाळ लावा आणि वरून प्लास्टिक गुंडाळा. महिना-दीड महिन्यात मुळं फुटतात. मग गुटीखालून कापून वरचा भाग वेगळ्या कुंडीत लावा, आणि खालचा बुंधा फेकू नका, तोही बाजूने फुटेल.