थांबायची मुभा असताना

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मुलाखतीत ‘आजवर केलेलं सगळ्यांत अवघड काम सांगा’ असं विचारलं आणि तुला काहीच सुचलं नाही, एवढंच असतं तर मी दोन ओळींत धीर देऊन पत्र संपवलं असतं. पण त्यावरून तू आपलं आयुष्यच फिकं ठरवून टाकलंस, ते वाचून वाईट वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा प्रश्न ऐकला की माणसांना शिखरं आठवतात, पदकं आठवतात. आपल्याकडे तसलं काही नाही म्हटल्यावर माणूस एकतर गप्प होतो, नाहीतर एखादं संकट सांगतो, आजारपण, अपघात, घरातला मृत्यू. ते सोसायला बळ लागतं आणि त्या बळाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण संकट आपल्यावर येऊन पडतं, तिथे आपल्याला कुणी विचारत नाही. तुला विचारलं होतं ते तू काय केलंस हे. माझ्या मते खरं अवघड काम ओळखायची खूण अशी, की मनाची सगळी ओढ एका बाजूला होती, त्या बाजूला गेलं असतं तरी कुणी बोल लावला नसता, आणि तरीही आपण दुसऱ्या बाजूला गेलो.

अँड्र्यू वाइल्स या गणितज्ञाची गोष्ट मी पुन्हा पुन्हा आठवते. दोन वर्गसंख्यांची बेरीज वर्गसंख्या येऊ शकते, नऊ आणि सोळा मिळून पंचवीस होतात. पण घन, चौथा घात किंवा त्यापुढचा कुठलाही घात घेतला, तर धन पूर्णांकांत असं कधीच घडत नाही, असं फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६३७च्या सुमारास एका पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलं. सिद्धता मात्र लिहिली नाही. तीनशेहून अधिक वर्षं ती कुणाला सापडली नाही. वाइल्सने दहाव्या वर्षी वाचनालयातल्या एका पुस्तकात हे कोडं वाचलं होतं. १९८६ साली केन रिबेट या दुसऱ्या गणितज्ञाच्या कामामुळे त्याकडे जाणारी एक नवी वाट दिसली, तेव्हा त्याने बाकीचं संशोधन बाजूला ठेवलं आणि घराच्या माळ्यावरच्या खोलीत बसून कामाला लागला. बरीच वर्षं बायकोखेरीज कुणाला पत्ता नव्हता. जून १९९३मध्ये केंब्रिजला तीन व्याख्यानं देऊन त्याने सिद्धता मांडली. टाळ्या झाल्या, जगभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या.

लोक ही गोष्ट सांगताना त्या सात वर्षांपाशी थांबतात. मला ती वर्षं सगळ्यांत अवघड वाटत नाहीत. काम कठीण होतं, पण त्याचं मन तिथे रमत होतं, आणि बंद दाराआड चुकायचीही मोकळीक होती. खरं अवघड पुढे आलं. छापण्याआधीच्या तपासणीत सिद्धतेच्या एका कळीच्या टप्प्यात त्रुटी निघाली. आता सगळं जग बघत होतं. हस्तलिखित खुलं करा, म्हणजे दुसरं कुणीतरी दुरुस्ती करेल, अशी मागणी होऊ लागली. १९९४च्या सुरुवातीला त्याने आपला जुना विद्यार्थी रिचर्ड टेलर याला मदतीला घेतलं. महिने गेले, त्रुटी हटेना. हात टेकले असते तरी त्याच्याइतका जवळ कुणी पोचलं नव्हतं हे सगळ्यांना मान्य होतं. सप्टेंबरमध्ये तो हार मानायच्या बेतात होता. पण आपली पद्धत नेमकी का चालत नाही ते निदान नीट समजून घ्यावं, म्हणून तो पुन्हा कागद घेऊन बसला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की पूर्वी सोडून दिलेली एक पद्धत आणि ही अडलेली पद्धत एकमेकींना पूरक ठरतात. १९९५ साली सिद्धता प्रसिद्ध झाली. सापडलं याचं मोल मोठं आहेच, पण ‘का चुकलं’ एवढंच समजून घ्यायला तो पुन्हा बसला, ते मला जास्त मोठं वाटतं. तेव्हा पुढे काय सापडणार आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

नेटाने पुढे जाणं म्हणजेच अवघड, असं मात्र समजू नकोस. ९ जानेवारी १९०९ या दिवशी ध्रुवाच्या मोहिमेवर निघालेला अर्नेस्ट शॅकल्टन आणि त्याचे तीन सोबती दक्षिण ध्रुवापासून साधारण १८० किलोमीटरवर होते. तोवर त्या टोकाच्या इतकं जवळ कुणीही गेलं नव्हतं. ध्रुव गाठता आला असता कदाचित, पण परतीला पुरेल एवढं अन्न उरलं नसतं. शॅकल्टन मागे फिरला. ध्रुवावर पहिलं पाऊल ठेवायचा मान पुढे १९११मध्ये नॉर्वेच्या अमुंडसेनला मिळाला. शॅकल्टन आणि त्याचे सोबती, चौघेही जिवंत परतले. त्याच्या मनाची सगळी ओढ पुढे होती, म्हणून त्याच्यासाठी मागे फिरणं हेच अवघड काम.

माझं विचारशील तर सांगते. पक्षाघाताच्या झटक्यानंतर माझ्या दादाची वाचा गेली होती. बोललेलं सगळं त्याला कळायचं, पण शब्द ओठांवर यायचा नाही, आला तर भलताच यायचा, आणि आपण भलतं बोललो हेही त्याला कळायचं. शिकवायला स्पीच थेरपिस्ट येत होत्या, त्यामुळे मी रोज त्याच्याशेजारी बसलंच पाहिजे असं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचा संताप बघवायचा नाही, उठून जावंसं वाटायचं. गंमत म्हणजे पाठ असलेलं गाणं सुरू केलं की त्याचे शब्द त्याला यायचे. अशा रुग्णांत हे पुष्कळदा दिसतं. म्हणून आम्ही गात बसायचो आणि गाण्यातला एखादा शब्द हळूच बाहेर काढून साधा बोलायचा प्रयत्न करायचो. तो पूर्वीसारखा कधीच बोलू शकला नाही. तरी मला कुणी विचारलं तर मी हेच सांगते. परीक्षा, नोकरी, बढती यांतलं काहीही याच्या जवळपास येत नाही.

आता तुझ्याबद्दल. पत्राच्या तिसऱ्या पानावर तू ओझरतं लिहिलंयस की प्रकल्पातल्या सोबत्याने काही मोजमापं अंदाजाने भरली होती, ते तुझ्या लक्षात आलं, आणि तू सगळी मोजमापं नव्याने घेतलीस. अहवाल उशिरा गेला म्हणून गुण कापले गेले. हे तू तक्रार म्हणून लिहिलं आहेस. अगं वेड्या जिवा, तुझं उत्तर तिथेच आहे! ते आकडे तसेच गेले असते तर कुणाला कळलं नसतं. सोबत्याशी वाद टळला असता, गुणही राहिले असते.

केवळ सांगायला काहीतरी हवं म्हणून आता मुद्दाम कष्टाची कामं शोधत फिरू नकोस, असली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचं कौतुक मला वाटत नाही. जे केलंस तेच नीट आठव. शंका कुठल्या आकड्यावरून आली? गप्प बसावं असं किती दिवस वाटलं? पहिल्यांदा कुणाला सांगितलंस? हे तपशील लिहून काढ आणि मोठ्याने वाचून बघ. सांगताना सोबत्याचं नाव घेऊ नकोस, त्याची वाईट बाजू रंगवूही नकोस, दोन वाक्यांत त्याला मागे सोडून आपल्या निर्णयावर ये. आणि गुण कापले गेले हे गाळू नकोस. ते वगळलंस तर ऐकणाऱ्याला कळणारच नाही की सोपी वाट तुझ्यासमोर होती.

तुझी,
ताई