काही उत्तरं उलटी भरायची असलेलं क्रिप्टिक शब्दकोडं (ज्याच्या सूचनांत, म्हणजे क्लूंमध्ये, शब्दखेळ दडलेला असतो) कसं सोडवावं?

लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये शनिवारी येणाऱ्या लिसनर कोड्यासारखं असेल, तर लगेच चौकटी भरू नका. आधी बरीचशी उत्तरं समासात लिहा, मग एकमेकांना छेदणारी जोडी तपासा. छेदाचं अक्षर जुळत नसेल, तर दोघांपैकी एक तरी उलटं आहे. विषम अक्षरसंख्येच्या उत्तराचं मधलं अक्षर मात्र कसंही भरलं तरी हलत नाही, सात अक्षरांत चौथं. ते बिनधास्त पेनाने लिहा. मोठा आधार आहे हा!

कोड्याच्या वर दिलेली प्रस्तावना पुन्हा वाचा. चौकटीत खरेच शब्द दिसतात असं म्हटलं असेल, तर उलटी उत्तरं ‘STRESSED’-‘DESSERTS’सारखीच, म्हणजे उलट वाचूनही खरा शब्द देणारी असणार. उलट्या उत्तरांच्या सूचनांची आद्याक्षरंही ओळीने वाचून बघा, कधीकधी थीम तिथेच दडवलेली असते.